अमेरिकेतल्या पहिल्या ब्लॅक महिला वकील आणि जज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका जिल्हा कोर्टात वकिली करते, बारा-तेरा वर्षं झाली. २०२२ मध्ये केटानजी ब्राउन जॅक्सन ही ब्लॅक बाई अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जज म्हणून आली तेव्हा आमच्या ज्युनियर पोरींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो फिरत होता आणि खाली प्रश्न, हिच्या आधी कोणीच नव्हतं का? होत्या की, भरपूर होत्या. तेव्हापासून मी जे वाचत सुटले ते अजून थांबलेलं नाही आणि ग्रुपवर तेच तेच परत परत टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एका जागी टाकतेय. क्रम फार बघू नका, आणि सगळ्यांना एकेरीत का बोलतेय असं पण विचारू नका, आपण लताला ती म्हणतो तसंच आहे हे.

सगळ्यात पहिली कोण?

शार्लट ई. रे. जन्म न्यूयॉर्कचा, १८५० चा. वडील पाद्री, गुलामगिरीविरुद्ध पेपर चालवायचे आणि पळून आलेल्या गुलामांना पुढे सुरक्षित जागी पोचवायचं काम पण करायचे, म्हणजे घरातलं वातावरण कसं असेल बघा. शार्लट वॉशिंग्टनला शिकली, मग हॉवर्ड युनिव्हर्सिटीत मास्तरीण झाली आणि ती नोकरी सांभाळून तिथेच लॉ केलं. १८७२ ला डिग्री, त्याच वर्षी डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाची (म्हणजे राजधानी वॉशिंग्टनची) सनद, वय २२. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती.

तिने म्हणे नाव लपवून "सी. ई. रे" असा अर्ज केला, म्हणजे बाई आहे हे कळू नये म्हणून. खरंय का?

ही गोष्ट सगळीकडे सापडते आणि ऐकायला भारी वाटते, पण पक्का पुरावा नाही. मला स्वतःला पटत नाही, कारण हॉवर्डच्या लॉ डिपार्टमेंटमध्ये १८६९ पासूनच एक बाई शिकत होती (मेरी अ‍ॅन शॅड केरी, तिच्यावर खाली लिहिलंय) आणि वॉशिंग्टनच्या सनदेच्या नियमांमधून "पुरुष" हा शब्द शार्लटच्या आधीच काढून टाकला होता. मग लपवायचं कोणापासून? आपल्याला फसवाफसवीची गोष्ट आवडते म्हणून ती टिकलीय असं माझं मत.

मग तिने वकिली सोडली का?

हा खरा प्रश्न आहे आणि हा कोणी विचारतच नाही. सनद मिळणं वेगळं आणि मॅटर मिळणं वेगळं. शार्लटने ऑफिस थाटलं, गुलामगिरीतून सुटून मोठा नेता झालेल्या फ्रेडरिक डग्लसच्या पेपरात जाहिरात दिली, कंपनी आणि व्यापाराच्या कायद्यात तिचा हात धरणारं कोणी नाही असं लोक म्हणायचे. पण अशा कामाचे पक्षकार म्हणजे व्यापारी, पैसेवाले, गोरे, ते कशाला येतील. वर १८७३ ला देशभर जोरदार मंदी आली.

तिची एक केस मात्र मी विसरू शकत नाही, गॅडली विरुद्ध गॅडली, १८७५. मार्था गॅडली नावाची बाई, नवरा दारुडा आणि मारकुटा, खालच्या कोर्टाने तिचा घटस्फोटाचा अर्ज फेटाळलेला. एका रात्री ही आजारी होती, पाणी मागितलं तर नवरा देईना आणि तिला घेऊ पण देईना, ती उठून गेली तर त्याने कुऱ्हाड घेऊन लाकडी जमिनीला भगदाड पाडलं, हिला त्यातून खाली ढकलायचं म्हणजे मान मोडेल. शार्लटने ही केस वरच्या कोर्टात नेली, दारूचं व्यसन आणि क्रूरता या मुद्द्यांवर मांडली, आणि मार्थाला घटस्फोट मिळाला. ही केस आजच्या तारखेला माझ्या बोर्डावर आली तरी मला नवल वाटणार नाही, नावं तेवढी बदलतील.

पण अशा केसेसवर ऑफिसचं भाडं निघत नाही. १८७९ च्या आसपास ती न्यूयॉर्कला परतली आणि ब्रुकलिनच्या शाळेत शिकवायला लागली. १९११ ला गेली.

मला हे वाचताना माझी पहिली दोन वर्षं आठवली. सिनियरच्या केसमध्ये उभं राहून "पुढची तारीख मिळावी" एवढं एकच वाक्य बोलायचे मी. एक पक्षकार अर्धा तास माझ्यासमोर बसून, माझा काळा कोट, बँड सगळं बघून मग म्हणाला, ताई, वकील साहेब कधी येणारेत? पण मला निदान सिनियर होता, शार्लटला कोण होतं?

तेव्हा गोऱ्या बायकांना तरी वकिली करता येत होती का?

राज्यावर अवलंबून. आयोवा राज्याने १८६९ ला अ‍ॅराबेला मॅन्सफील्डला सनद दिली, ती देशातली पहिली. शेजारच्या इलिनॉयने मायरा ब्रॅडवेलला नाही म्हटलं, ती सुप्रीम कोर्टात गेली आणि १८७३ ला हरली. त्यात एका न्यायमूर्तीने वेगळं मत लिहून ठेवलंय की पत्नी आणि आई होणं हेच बाईचं विधिलिखित आहे, हा निर्मात्याचाच कायदा आहे. म्हणजे शार्लटला सनद मिळून वर्ष झालं होतं तेव्हा हे चाललं होतं.

आपण हसायची गरज नाही. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ ला पास झाली आणि आपल्याकडे बायकांना वकिली करू देणारा कायदा आला १९२३ ला. एकतीस वर्षं!

हे हॉवर्ड हॉवर्ड सारखं येतंय, म्हणजे हार्वर्ड का?

नाही नाही, वेगळं. हार्वर्ड बोस्टनजवळ, आणि हॉवर्ड वॉशिंग्टनला. यादवी युद्ध संपल्यावर १८६७ ला निघालेली युनिव्हर्सिटी, मुख्यतः काळ्या मुलामुलींसाठी, लॉ डिपार्टमेंट १८६९ चं. हार्वर्डच्या लॉ स्कूलने बायकांना १९५० पर्यंत घेतलं नाही, हॉवर्डने पहिल्या वर्षापासून घेतलं. या यादीतल्या बऱ्याच बायका हॉवर्डच्या असण्याचं कारण एवढंच.

आणि वर म्हटलेली मेरी अ‍ॅन शॅड केरी. ही शार्लटच्या आधी लॉला बसली होती. कॅनडात जाऊन स्वतःचा पेपर काढलेली, युद्धात काळ्या सैनिकांची भरती केलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई. डिग्री हातात पडली १८८३ ला, वय ६०. आमच्या ग्रुपमध्ये एक ताई पंचेचाळिसाव्या वर्षी सीईटी देऊ का म्हणून विचारत होत्या, त्यांना मी नुसतं हे नाव पाठवलं.

शार्लटनंतर पुढची एकदम जेन बोलिनच का? मधली पन्नास-साठ वर्षं काय झालं?

(जेन म्हणजे पहिली ब्लॅक महिला जज, ती खाली येतेच.) मधे पण होत्या, फक्त एकेक आणि लांब लांब. ल्युटी लिटल १८९७ ला टेनेसीत वकील झाली आणि पुढच्याच वर्षी नॅशव्हिलच्या कॉलेजात कायदा शिकवायला लागली. व्हायोलेट अँडरसन शिकागोची, आधी कोर्टात रिपोर्टर होती म्हणजे आपल्या स्टेनोसारखं काम, दुसऱ्यांचे युक्तिवाद लिहून घेता घेता म्हणाली असेल की हे तर मी पण करू शकते. १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टात वकिली करायची परवानगी मिळालेली पहिली ब्लॅक बाई ती.

आणि सॅडी अलेक्झांडर, फिलाडेल्फियाची. हिची गंमत म्हणजे ती आधी अर्थशास्त्रात डॉक्टरेट झाली, १९२१ ला, त्या विषयात अमेरिकेतली पहिलीच काळी व्यक्ती, बाई-पुरुष दोन्ही धरून. एवढी डिग्री घेऊन फिलाडेल्फियात नोकरी कुठेच नाही, शेवटी दूर नॉर्थ कॅरोलिनात एका काळ्यांच्या विमा कंपनीत काम केलं. मग लग्न झालं, नवरा वकील, आणि ही परत जाऊन लॉ शिकली. १९२७ ला पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमधून पास झालेली पहिली ब्लॅक बाई. तिथल्या डीनला ती लॉ रिव्ह्यूच्या (विद्यार्थी चालवतात ते कायद्याचं नियतकालिक) मंडळावर नको होती, विद्यार्थी संपादक अडून बसला तेव्हा घेतली. नंतर नवऱ्याच्या ऑफिसात प्रॅक्टिस, वारसा, घटस्फोट, मृत्युपत्रं. १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने नागरी हक्कांवर कमिटी नेमली तिच्यात पण ती होती.

नवऱ्याचं ऑफिस हा मुद्दा मी मुद्दाम लिहितेय. शार्लटकडे नसलेली गोष्ट सॅडीकडे होती, बसायला खुर्ची आणि आपोआप येणारे पक्षकार.

जेन बोलिनला म्हणे जत्रेत जज केलं?

जत्राच म्हणा, न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन, १९३९ सालचं. जेन तेव्हा महापालिकेच्या कायदा खात्यात वकील होती. मेयर ला गार्डियाचा निरोप आला की नवऱ्याला घेऊन प्रदर्शनाच्या जागी या, कशाला ते सांगितलंच नाही. ही टेन्शनमध्ये, आता काय चुकलं असेल, तुम्हाला साहेबांच्या केबिनमधून असा बिनकारणाचा निरोप आलाय का कधी? गेली तर मेयर म्हणतो शपथ घ्या, तुम्हाला जज करतोय. २२ जुलै १९३९, अमेरिकेतली पहिली ब्लॅक महिला न्यायाधीश, वय ३१.

ती काही आभाळातून पडलेली नव्हती. वडील पकिप्सी गावातले वकील, लहानपण त्यांच्या ऑफिसातल्या कायद्याच्या पुस्तकांमध्ये गेलेलं. वेल्सली कॉलेजात मार्गदर्शन करणाऱ्या बाईने सांगितलं की काळ्या मुलीला वकिलीत काही भवितव्य नाही, वडिलांना पण सुरुवातीला नकोच होतं कारण वकिलाला माणसाची सगळी घाण ऐकावी लागते. तरी ती येलला गेली आणि १९३१ ला तिथून लॉ केलेली पहिली ब्लॅक बाई झाली.

कोर्ट होतं कौटुंबिक वादांचं आणि मुलांचं. ती अंगावर झगा न घालता बसायची, समोरच्या पोरांनी घाबरू नये म्हणून. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट दोन ऑर्डरींची आहे. तोपर्यंत काळ्या मुलाला काळा आणि गोऱ्या मुलाला गोरा प्रोबेशन अधिकारी मिळायचा, ते तिने बंद करायला लावलं. आणि सरकारी पैसा घेणाऱ्या खाजगी अनाथाश्रमांनी रंग बघून मुलं नाकारायची नाहीत. बातम्यांमध्ये "पहिली जज" म्हणून फोटो येतो, पण हजारो पोरांच्या आयुष्यात फरक पडला तो या कंटाळवाण्या प्रशासकीय गोष्टींनी. चाळीस वर्षं त्या खुर्चीवर होती, १९७८ ला सत्तरी झाली म्हणून नियमाप्रमाणे उठावं लागलं. ९८ वर्षं जगली.

क्राइमवाली कोणी नाही का?

आहे ना, युनिस कार्टर! १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये थॉमस ड्यूई नावाच्या खास सरकारी वकिलाने माफियाच्या मागे लागायला वीस जणांची टीम केली, त्यात एकच बाई आणि एकच ब्लॅक व्यक्ती, दोन्ही युनिसच. तिला देऊन देऊन काम काय दिलं तर वेश्याव्यवसायाच्या तक्रारी वाचायच्या, म्हणजे बाकीचे मोठ्या माशांच्या मागे आणि ही फायली चाळतेय. पण तिने आधी महिलांच्या कोर्टात काम केलं होतं, तिला दिसलं की पकडलेल्या बायका वेगवेगळ्या, पत्ते वेगवेगळे, पण वकील तेच, जामीनदार तेच, आणि कोर्टात सांगायची कहाणी पण तीच, आणि सगळ्या सुटतायत. म्हणजे वर कोणीतरी एक आहे.

ड्यूईला सुरुवातीला पटेना. शेवटी फेब्रुवारी १९३६ मध्ये एका रात्रीत शहरभर धाडी टाकल्या, पकडलेल्या बायका बोलायला लागल्या, आणि धागा जाऊन पोचला लकी लुचियानोपर्यंत, माफियाचा सगळ्यात मोठा डॉन. त्याला ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली. ड्यूई पुढे न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला, दोनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. कोर्टातली मुख्य साक्षीपुराव्याची बाजू पुरुषांनी लढवली आणि फोटोत पण तेच, युनिस फायलीत. जामीनदार ओळखीचे असणं काय असतं हे कुठल्याही कोर्टाच्या आवारात दोन महिने उभं राहिलेल्या माणसाला कळेल.

पाउली मरेचं नाव हल्ली खूप ऐकू येतं, नेमकं काय केलं तिने?

काय नाही केलं ते विचारा. जन्म १९१०, बॉल्टिमोर, वाढली डरहॅममध्ये आजीआजोबा आणि मावशीकडे. १९३८ ला नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीने रंगामुळे नाकारलं. मग हॉवर्डला लॉ, वर्गात एकटी बाई, पहिल्याच दिवशी एक प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाले की बायका लॉला का येतात काय माहीत, वर्ग हसला. म्हणजे काळ्यांच्या कॉलेजात रंगाचा त्रास नव्हता तर हा होता. त्यालाच तिने नाव दिलं, जेन क्रो. काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना अमेरिकेत जिम क्रो म्हणायचे, त्यावरून हा शब्द.

१९४४ ला ती वर्गात पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती मिळून हार्वर्डला पुढे शिकायला पाठवायची पद्धत होती. हार्वर्डने कळवलं, तुम्ही प्रवेशपात्र लिंगाच्या नाही. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने तिच्यासाठी पत्र लिहिलं, तो हार्वर्डचाच माजी विद्यार्थी, तरी नाही. तिने उत्तर काय पाठवलं, तर लिंग बदलायला माझी काही हरकत नाही पण कसं बदलायचं ते मला कोणी दाखवलेलं नाही, तेव्हा तुम्हीच तुमचं मत बदला, का ते पण तितकंच अवघड आहे? (मरेने तरुणपणी पुरुषी हॉर्मोन मिळावेत म्हणून डॉक्टरांकडे खेटे घातले होते, त्यामुळे आज अनेक अभ्यासक मरेला ट्रान्स म्हणून वाचतात. मग हा विनोद वेगळाच लागतो. मी "ती" लिहितेय कारण मरेने स्वतःबद्दल लिहिताना तेच ठेवलं.)

आता पैजेची गोष्ट. हॉवर्डच्या शेवटच्या वर्षी वर्गात चर्चा चालू होती, "वेगळं पण समान" या जुन्या निकालाचं काय करायचं. तोपर्यंत काळ्या वकिलांची पद्धत अशी की बघा साहेब, काळ्यांची शाळा समान नाही, छत गळतंय, पुस्तकं नाहीत, समान करा. पाउली म्हणाली समान-बिमान सोडा, "वेगळं" ठेवणं हेच घटनाबाह्य आहे असं थेट म्हणा. सगळे हसले. तिने प्रोफेसर स्पॉट्सवुड रॉबिन्सनशी १० डॉलरची पैज लावली की २५ वर्षांच्या आत तो निकाल उलटणार, आणि त्या मुद्द्यावर पेपर लिहून दिला. दहाच वर्षांत, १९५४ ला, ब्राउन खटल्यात सुप्रीम कोर्टाने शाळांपुरतं तेच म्हटलं. आणि त्या खटल्याची तयारी करताना रॉबिन्सनने कपाटातून तिचा जुना पेपर काढून टीमबरोबर वाचला होता. तिला कोणी सांगितलंसुद्धा नाही, बऱ्याच वर्षांनी कळलं.

बाकी भराभर सांगते. १९५१ ला तिने राज्याराज्यांचे रंगभेदाचे कायदे एका जाडजूड ग्रंथात गोळा केले, ब्राउन खटला लढवणारा वकील थरगुड मार्शल त्याला आमचं बायबल म्हणायचा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीच्या कलमात "लिंग" हा शब्द राहावा म्हणून निवेदन लिहिलं. १९७१ ला रूथ बेडर गिन्सबर्गने (पुढे सुप्रीम कोर्टाची जज झाली ती) बायकांच्या हक्काच्या मोठ्या खटल्यात लेखी युक्तिवादावर पाउलीचं नाव घातलं, तिने तो लिहिलेला नसताना, कल्पना तिची म्हणून. दुसऱ्याच्या कल्पनेवर आपलं नाव घालणारे ढीगभर असतात, उलटं करणारे किती? साठी ओलांडल्यावर पाउली धर्मशास्त्र शिकली आणि १९७७ ला पाद्री झाली, एपिस्कोपल चर्चमधली पहिली ब्लॅक बाई. २०२४ ला तिच्या चेहऱ्याचं २५ सेंटचं नाणं निघालं.

यात गांधीजी कुठून आले?

ओढूनताणून नाही, खरंच आले. दांडीयात्रेत चाललेले कृष्णलाल श्रीधराणी पुढे कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकले आणि सत्याग्रह कसा करायचा यावर १९३९ ला इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पाउलीने ते वाचलं होतं. १९४० ला व्हर्जिनियात बसमध्ये मागच्या मोडक्या सीटवर बसायला नकार दिला म्हणून ती आणि मैत्रीण अटकेत गेल्या, तेव्हा जेलमध्ये त्या सत्याग्रहाच्याच पद्धतीने वागायचा प्रयत्न करत होत्या.

मग १९४३ ला वॉशिंग्टनमध्ये हॉवर्डच्या पोरापोरींनी एका कॅफेटेरियात काय केलं बघा. थोड्या थोड्या वेळाने तीन-चार जण आत जायचे, वाढायला नकार मिळाला की रिकामा ट्रे घेऊन टेबलावर बसायचे आणि पुस्तक उघडून अभ्यास करायचे. आरडाओरडा नाही, काही नाही. दुकान भरलेलं आणि गल्ला रिकामा. दोन-तीन दिवसांत मालकाने माघार घेतली. त्यांना कायदेशीर सल्ला देणारी विद्यार्थिनी म्हणजे पाउली. ज्या सिट-इन (म्हणजे असा बसून केलेला सत्याग्रह) आपण १९६० च्या म्हणून पुस्तकात वाचतो त्याच्या सतरा वर्षं आधीची गोष्ट.

तुमची आवडती कोण?

कॉन्स्टन्स बेकर मोटली, विचार पण करावा लागत नाही. आई-वडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरचे, जन्म १९२१, न्यू हेवन. घरात पैसा नाही. अठराव्या वर्षी एका कम्युनिटी सेंटरच्या मीटिंगमध्ये ही उभी राहून म्हणाली की इथे काळे लोक येत नाहीत कारण कारभार सगळा गोऱ्यांच्या हातात आहे. ऐकणाऱ्यांत क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाचा गोरा बिल्डर होता, सेंटरला पैसे देणारा. रागावण्याऐवजी त्याने विचारलं तू कॉलेजला का नाही? पैसे नाहीत म्हणाली. त्याने कॉलेज आणि लॉ दोन्हीचा खर्च उचलला.

कोलंबियात लॉ चालू असतानाच १९४५ ला थरगुड मार्शलने तिला एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या कायदा विभागात घेतलं. आणि इथे माझा मुद्दा परत येतो. शार्लटला पक्षकार मिळाले नाहीत, मोटलीला पक्षकार शोधावेच लागले नाहीत, संस्थेकडे रांग होती, फी ची चिंता नाही, पगार चालू. ब्राउन खटल्याचा मूळ दावा तिने ड्राफ्ट केला. मग दक्षिणेतल्या कोर्टांमध्ये दौरे सुरू. १९४९ ला मिसिसिपीत जॅक्सन शहराच्या कोर्टात ती पहिल्यांदा गेली, शिक्षकांच्या समान पगाराची केस होती. त्या कोर्टरूममध्ये जजच्या मागे भलं मोठं भित्तिचित्र, कापूस वेचणारे आणि बँजो वाजवणारे काळे लोक, दुसरीकडे नीटनेटक्या कपड्यातली गोरी मंडळी. त्या चित्राकडे तोंड करून तुम्हाला युक्तिवाद करायचाय. समोरचे वकील तिला "मिसेस मोटली" म्हणायला तयार नसायचे, पेपरवाले लिहायचे "ती मोटली बाई".

१९६१-६२ ला जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला गोऱ्यांच्या मिसिसिपी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळवून द्यायची केस तिची. त्या काळात कोर्टाच्या कामाने जॅक्सनला गेली की तिला तिथला नागरी हक्कांचा कार्यकर्ता मेडगर एव्हर्स गाडीतून न्यायचा. एकदा ती नेहमीसारखी पिवळ्या लीगल पॅडवर टिपणं काढत होती, तो शांतपणे म्हणाला, ते पॅड पेपरात लपव आणि मागे वळून बघू नकोस, पोलिसांची गाडी मागे आहे. जून १९६३ मध्ये एव्हर्सला त्याच्याच घरासमोर गोळी घातली.

खालच्या कोर्टात ती हरली, अपिलात जिंकली. १९६२ च्या शरदात मेरेडिथ आत गेला, दंगल झाली, दोन माणसं मेली, लष्कर आणावं लागलं. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला मोर्चात गेली म्हणून हजाराहून जास्त शाळकरी मुलं शाळेतून काढली होती, ती परत घ्यायला लावली ती पण हिनेच.

सुप्रीम कोर्टात दहा केसेस तिने स्वतः उभं राहून लढवल्या, नऊ जिंकली. हरलेली एक म्हणजे ज्युरीतून काळ्यांना वगळण्याची, १९६५ ची, तो निकाल पण १९८६ ला कोर्टाने बऱ्यापैकी मोडीत काढला.

ती जज पण झाली ना?

१९६६ ला, फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात, पहिली ब्लॅक बाई. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने जानेवारीत नाव दिलं आणि सिनेटच्या कमिटीचा अध्यक्ष मिसिसिपीचाच, ईस्टलंड, त्याने सात महिने लोंबकळत ठेवलं, कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला. ऑगस्टमध्ये झालं.

मग १९७५ ची गंमत. न्यूयॉर्कच्या एका बड्या लॉ फर्मवर एका महिला वकिलाने भेदभावाचा दावा लावला, केस मोटलीसमोर आली. फर्मच्या बाजूने अर्ज आला की या जज काळ्या आहेत, बाई आहेत आणि हक्कांच्या केसेस लढवायच्या, म्हणून यांनी केसमधून बाजूला व्हावं. तिने अर्ज फेटाळताना लिहिलं त्याचा अर्थ असा, की रंग किंवा लिंग हे कारण चालत असेल तर या कोर्टातला एकही जज ही केस ऐकू शकणार नाही, कारण प्रत्येकालाच कुठला तरी रंग आणि लिंग आहे. हे वाचून मी बार रूममध्ये मोठ्याने हसले होते, शेजारचे सिनियर चहा सांडता सांडता राहिले.

१९७८ ला तिनेच यांकी स्टेडियमच्या लॉकर रूममध्ये महिला पत्रकारांना पुरुषांइतकाच प्रवेश द्या असा निकाल दिला.

डव्ही राउंडट्री कोण? रोझा पार्क्सच्या आधीची बस केस हिची का?

हो. (रोझा पार्क्स म्हणजे बसमधली सीट सोडायला नकार दिला म्हणून अटक झालेली ती प्रसिद्ध बाई.) सारा कीज नावाची लष्करातली मुलगी १९५२ ला युनिफॉर्ममध्ये बसने घरी चालली होती, सीट सोडली नाही म्हणून नॉर्थ कॅरोलिनात रात्रभर कोठडीत. केस घेतली डव्हीने, ती पण आधी लष्करात होती, मग हॉवर्डला लॉ, आणि तिला स्वतःला पण युद्धाच्या काळात मायामीत बसमधून उतरवलेलं. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या बसमध्ये रंगावरून सीट ठरवायच्या नाहीत हा निकाल नोव्हेंबर १९५५ मध्ये जाहीर झाला, रोझा पार्क्सच्या अटकेच्या जेमतेम आठवडाभर आधी. अंमलबजावणी व्हायला अजून सहा वर्षं लागली, ते सोडा.

अमेरिकेच्या बाहेर?

थोडक्यात. नायजेरियाची स्टेला थॉमस १९३३ ला लंडनमध्ये बॅरिस्टर झाली, पश्चिम आफ्रिकेतली पहिली बाई, १९४३ ला नायजेरियात मॅजिस्ट्रेट. कॅनडात व्हायोलेट किंग, १९५४, अल्बर्टा. दक्षिण आफ्रिकेत इव्हॉन मोकगोरो १९९४ ला नव्या घटना न्यायालयावर. आणि ब्राझीलची एस्पेरान्सा गार्सिया, ही तर गुलाम होती, १७७० ला तिने प्रांताच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं की मला आणि माझ्या पोराला मारहाण होतेय, मला नवऱ्याकडे परत पाठवा. तक्रार, वस्तुस्थिती, मागणी, सगळं क्रमाने, आपला अर्ज असतो तसं. तिथल्या वकील संघटनेने अलीकडे तिला देशातली पहिली महिला वकील म्हणून मान्यता दिली.

कमला हॅरिस या यादीत येते का?

येते की. लॉ १९८९ चं, आणि २०११ ला कॅलिफोर्नियाची अटर्नी जनरल (म्हणजे राज्याची मुख्य सरकारी वकील), त्या पदावरची पहिली बाई आणि पहिली ब्लॅक व्यक्ती. आई चेन्नईची म्हणून आपल्याकडे तिच्यावर भरपूर लिहून झालंय, मी अजून काय लिहू. बीए मात्र हॉवर्डचंच, बघा.

तुम्ही कधी ब्लॅक लिहिता कधी काळी, बरोबर शब्द कुठला?

पेपरात कृष्णवर्णीय लिहितात, ते मला बोलताना जड जातं. त्या लोकांनी स्वतःसाठी आज घेतलेला शब्द ब्लॅक आहे म्हणून तो. जुन्या कागदांमध्ये कलर्ड आणि निग्रो सापडेल, पाउली मरे स्वतः शेवटपर्यंत निग्रो शब्दासाठी भांडायची, मोठ्या एन ने लिहायचा म्हणायची. पण आपण आज तो वापरू नये.

जॅक्सन आणि मोटलीचा वाढदिवस एकच हे खरंय?

खरंय, १४ सप्टेंबर. मोटली १९२१, जॅक्सन १९७०, बरोबर ४९ वर्षांचं अंतर. फेब्रुवारी २०२२ मध्ये नाव जाहीर झालं तेव्हा जॅक्सनने भाषणात हे स्वतः सांगितलं. सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४७, शपथ ३० जूनला. ती आधी सरकारी बचाव वकील होती, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची, तसं काम केलेलं त्या कोर्टावर आधी कोणी नव्हतं.

सुरुवात कुठून करू, वाचायला वेळ नाही.

मग ऐका. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले युक्तिवाद १९५५ पासून रेकॉर्ड केलेले आहेत आणि नेटवर फुकट मिळतात. हॅमिल्टन विरुद्ध अलाबामा, १९६१, शोधा. फाशीची शिक्षा झालेला माणूस, आरोप वाचून दाखवले तेव्हा त्याच्याबरोबर वकीलच नव्हता, तर तो खटला चालेल का एवढाच मुद्दा. अपिलात बाजू मांडतेय मोटली, सुप्रीम कोर्टात उभं राहून युक्तिवाद करणारी पहिली ब्लॅक बाई. जिंकली, सगळे जज एकमताने. मी कोर्टातून परतताना एसटीत हेडफोन लावून ऐकते, अर्धं इंग्रजी डोक्यावरून जातं तरी.